जकात की जकातनाका?

अर्थसंकल्पाचे दिवस जवळ आले की एक मागणी दरवर्षी नव्याने फिरू लागते. आयकर रद्द करा. पगारातून कपात नको, रिटर्न नको, नोटिसा नकोत, सी.ए.ची फी नको. त्याऐवजी देशभर एकच विक्रीकर लावा. जो जितका खर्च करील तितका कर देईल. सुब्रमण्यम स्वामी अनेक वर्षांपासून आयकर काढून टाका असे सांगत आले आहेत. महाराष्ट्रात अनिल बोकील यांच्या 'अर्थक्रांती'चा प्रस्ताव बहुतेकांनी ऐकलेला आहे. त्यात विक्रीकराऐवजी बँकेतील व्यवहारावर कर आहे, पण 'बाकीचे कर काढा आणि एकच ठेवा' ही हाक तीच. अमेरिकेत तर विक्रीकराचे तयार विधेयकच गेली पंचवीस वर्षे संसदेत फिरते आहे.

ऐकायला ही मागणी इतकी सरळ वाटते की नोकरदार माणूस लगेच मान डोलावतो. आपल्या समाजातील दुकानदार, कंत्राटदार, गॅरेजवाले, नव्याने नोकरीला लागलेले इंजिनिअर तरुणही डोलावतात. आयकर खात्याच्या कागदपत्रांचा जाच खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण कर कोणता चांगला हे ठरवताना फॉर्म किती पानांचा आहे हे शेवटी पाहायचे असते. आधी पाहायचे ते हे की सरकार माणसाकडे काय मोजते. त्याच्याकडे काय साठले आहे ते, की त्याने काय खाल्ले ते?

एक शब्द, दोन अर्थ

मराठी भाषेने हा प्रश्न एकाच शब्दात साठवून ठेवला आहे. तो शब्द म्हणजे जकात. मुस्लिम घरात जकात म्हटले की रमजानमधला हिशेब आठवतो. बाकी महाराष्ट्राला जकात म्हटले की जकातनाका आठवतो, शहराच्या वेशीवर ट्रकची लांब रांग आणि हातात पावत्या घेऊन धावणारा क्लीनर. मुंबईत दहिसर आणि मुलुंडच्या नाक्यांवर १ जुलै २०१७ पर्यंत, म्हणजे जीएसटी येईपर्यंत, हे दृश्य रोजचे होते. शब्द अरबी, फारसी कारभारातून दख्खनमध्ये आला आणि पेशवाईच्या दप्तरात मालावरच्या महसुलाचे नाव होऊन बसला.

शब्द एक असला तरी दोन्ही गोष्टी एकमेकींच्या नेमक्या उलट आहेत. शरियतमधील जकात साठलेल्या मालावर आहे. घरखर्च भागून, देणी वजा जाऊन, वर्षभर हाताशी राहिलेली रक्कम निसाबच्या वर गेली तरच ती लागू होते. आपल्याकडचे उलेमा निसाब साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी असा सांगतात. राहते घर, अंगावरचे कपडे, सुताराची हत्यारे, शिवणयंत्र यांवर जकात नाही. दर चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के. शेतीच्या उत्पन्नावर उश्र आहे. पावसावर पिकलेल्या शेताला दहावा हिस्सा, पाणी ओढून भिजवलेल्या शेताला विसावा. ज्याला कष्ट आणि खर्च जास्त त्याला दर निम्मा. कुणाला द्यायचे ते आठ प्रकारचे लोक सूरह तौबामध्ये (आयत ६०) नेमून दिलेले आहेत, आणि त्यात पहिले नाव फकिरांचे आहे.

जकातनाक्यावरची जकात यातले काहीच विचारत नाही. आत जाणारे पोते कुणाच्या घरी जाणार, त्याच्या डोक्यावर कर्ज आहे का, त्याच्याकडे वर्षअखेर काही उरते का, याच्याशी तिला कर्तव्य नाही. पोत्यामागे इतके, बस्स. तो पैसा व्यापारी खिशातून देत नाही, भावात मिळवतो आणि शेवटच्या गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. अरबीत बाजारातील अशा वसुलीला 'मक्स' म्हणतात आणि ती करणाऱ्याबद्दल हदीसमध्ये फार कडक शब्द आले आहेत. राज्याने जकातीव्यतिरिक्त कर घ्यावेत की नाही यावर फुकहांमध्ये मतभेद आहेत. पण इमाम गझाली आणि इमाम शातिबी यांच्यासारख्या ज्यांनी गरजेपोटी परवानगी दिली, त्यांनीही तो बोजा ऐपतदारांवर टाकावा असेच म्हटले.

भारताने जकात कायद्याने लागू करावी असे मला म्हणायचे नाही. जकात ही इबादत आहे, ती सरकारी कर नव्हे आणि कर भरल्याने ती फिटतही नाही. मला फक्त मोजमापाची पद्धत दाखवायची आहे. आयकर, त्याच्यात कितीही दोष असोत, मोजमापाने रमजानमधल्या हिशेबाच्या जवळचा आहे, कारण त्यात सूट आहे, वजावट आहे, ऐपतीप्रमाणे चढता दर आहे. विक्रीकर जकातनाक्याच्या जवळचा आहे.

अमेरिकेतील विधेयक

अमेरिकेतील विधेयकाचे नाव 'फेअर टॅक्स', म्हणजे न्याय्य कर. जॉर्जिया राज्यातील खासदार जॉन लिंडर यांनी ते १९९९ साली मांडले आणि तेव्हापासून ते पुन्हा पुन्हा मांडले गेले. व्यक्तींचा आयकर, कंपन्यांचा कर, सामाजिक सुरक्षेसाठी पगारातून कापला जाणारा कर, वारसा कर हे सगळे काढायचे, आयकर खाते बंद करायचे आणि नव्या वस्तूंवर व सेवांवर एक राष्ट्रीय विक्रीकर लावायचा अशी त्याची रचना आहे. डॉक्टरची फी आणि नवे घरही त्यात आले. २०२३ मध्ये बडी कार्टर या जॉर्जियाच्याच खासदारांनी ते मांडले तेव्हा मोठा गाजावाजा झाला, पण सभागृहात मतदान झाले नाही.

या विधेयकातला दर पाहण्यासारखा आहे. समर्थक २३ टक्के सांगतात. म्हणजे करासकट १०० डॉलर दिले तर त्यातले २३ सरकारचे. मग वस्तूची मूळ किंमत झाली ७७, आणि ७७ वर २३ म्हणजे जवळपास ३० टक्के. आपल्याकडे दुकानदार जीएसटी ज्या रीतीने सांगतो त्या रीतीने हा ३० टक्क्यांचा कर आहे. ज्या कराचे नावच न्याय्य आहे, त्याचा दर सांगताना इतकी कसरत का करावी लागते?

एक गोष्ट मात्र समर्थकांच्या बाजूने प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. गरिबांवर बोजा पडू नये म्हणून प्रत्येक कुटुंबाला दरमहा आगाऊ परतावा देण्याची तरतूद त्यात आहे. गरिबीरेषेपर्यंतच्या खर्चावर जेवढा कर बसेल तेवढी रक्कम सरकार आधीच पाठवणार. कल्पना वाईट नाही. पण तिचा परिणाम काय होतो? तळाच्या लोकांना परतावा मिळाला, वरच्या लोकांचा आयकर गेला, मग तिजोरी भरणार कोण? मधले. अध्यक्ष बुश यांनी २००५ मध्ये नेमलेल्या करसुधारणा समितीने राष्ट्रीय विक्रीकराचा पर्याय तपासला होता. नुसत्या आयकराची जागा भरायला किमान ३४ टक्के दर लागेल आणि बोजा मध्यमवर्गाकडे सरकेल, असे तिला आढळले. समितीने हा पर्याय सुचवला नाही. ती समिती डाव्यांची नव्हती, रिपब्लिकन अध्यक्षांची होती.

हिशेब मांडून पाहू

दोन काल्पनिक कुटुंबे घेऊ. पहिले भिवंडीतील यंत्रमाग कामगाराचे. महिन्याची कमाई २० हजार, आणि सगळी खर्च होते, कारण उरण्याची सोयच नाही. दुसरे पुण्यातील कंपनीत वरच्या हुद्द्यावरच्या माणसाचे. महिना २ लाख. त्यातले ८० हजार घरखर्चाला, बाकी म्युच्युअल फंड, शेअर, गावाकडच्या प्लॉटसाठी साठवण.

आता खर्चावर अमेरिकेतला तो ३० टक्के कर लावा. कामगाराच्या २० हजारांतले सुमारे ४,६०० रुपये करात जातील. कमाईच्या २३ टक्के. दुसऱ्या गृहस्थाच्या ८० हजारांतले सुमारे १८,५०० जातील. आकडा मोठा दिसतो, पण कमाईशी ताडून पाहिला तर ९ टक्क्यांच्या आसपास. दहापट कमावणाऱ्याला निम्म्याहून कमी दर!

आज काय स्थिती आहे? २०२५-२६ च्या नव्या दरांप्रमाणे १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर आयकर नाही, म्हणजे कामगाराचा आयकर शून्य. २४ लाख वार्षिक पगारावर वजावट धरून आणि उपकर मिळवून सुमारे २ लाख ९२ हजार, म्हणजे महिना २४ हजारांवर आयकर बसतो. अदलाबदल झाली तर साहेबांचे महिना पाच-सहा हजार वाचतील आणि कामगाराचे साडेचार हजार जातील. त्या साडेचार हजारांत एका मुलाची फी असते, आईची औषधे असतात. आजचा जीएसटी दोघेही देतातच, तो वेगळा.

भारतात दर ३० टक्केच लागेल असे नाही, कमीही लागेल. पण अंदाजासाठी एवढे पुरे: २०२४-२५ मध्ये जीएसटीची ढोबळ वसुली सुमारे २२ लाख कोटी रुपये झाली आणि प्रत्यक्ष करांची निव्वळ वसुलीही साधारण तेवढीच. प्रत्यक्ष कर काढून तो पैसा विक्रीकरातून उभा करायचा तर जीएसटीची वसुली जवळपास दुप्पट करावी लागेल. नुसता व्यक्तींचा आयकर काढला तरी त्यातला साधारण निम्मा बोजा बाजारावर येईल.

अमेरिकेसारखा परतावा देता येईल, असे कुणी म्हणेल. ज्या देशात म्हाताऱ्या बाईच्या बोटाचे ठसे यंत्राला जुळले नाहीत म्हणून रेशन अडते, तिथे कोट्यवधी घरांना दरमहा बिनचूक परतावा पोहोचेल आणि महागाईबरोबर वाढत जाईल यावर तिने विश्वास ठेवावा का? कर दुकानात रोज कापला जाईल. परतावा मात्र अर्ज, आधार आणि साहेबाच्या सहीवर लटकलेला राहील.

आखातात काय घडले?

कोकणातील वाचक म्हणतील, आमची माणसे वर्षानुवर्षे सौदीत, दुबईत कमावतात, तिथे पगारावर आयकर नाही, तरी ते देश चाललेच आहेत ना? चालले, कारण खाली तेल होते. तेलाच्या पैशावर चालणाऱ्या राज्याला कुणाच्या पगाराकडे पाहण्याची गरज नव्हती.

तेलाचे भाव कोसळल्यावर काय झाले तेही पाहावे. सौदी अरेबियाने १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर लावला. २०२० मध्ये कोरोना आणि तेलाची घसरण एकदम आली, तेव्हा १ जुलैपासून तो थेट १५ टक्के केला. एका रात्रीत तिप्पट. त्याआधी २०१७ पासून परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर माणशी महिना १०० रियाल शुल्क सुरू झाले होते, ते दरवर्षी वाढत ४०० वर गेले. रत्नागिरी-रायगडमधल्या ज्यांनी बायको-मुले तिकडे नेली होती, त्यांना हा हिशेब कुणी समजावून सांगायला नको.

सौदीत कंपन्यांकडून जकात घेतली जाते, परदेशी भागीदारांच्या नफ्यावर आयकरही आहे. पण कामगाराच्या ताटातल्या तेल-पिठावर १५ टक्के आणि महालातल्या ताटावरही १५ टक्के. आयकर नसलेला देश म्हणजे करमुक्त देश नव्हे. तिथे तिजोरीला पैसा कमी पडला की राज्याचा हात पहिल्यांदा बाजाराकडे जातो.

इब्ने खलदून अर्धाच का वाचता?

कर कमी करा म्हणणाऱ्या अमेरिकी मंडळींना आपला एक विद्वान फार आवडतो. अध्यक्ष रेगन यांनी १९८१ मध्ये पत्रकारांसमोर इब्ने खलदूनचा दाखला दिला होता. राजवटीच्या सुरुवातीला दर कमी असतात आणि उत्पन्न जास्त येते, शेवटी दर वाढतात आणि उत्पन्न घटते, असे या चौदाव्या शतकातील विचारवंताने 'मुकद्दिमा'मध्ये लिहिले आहे. दाखला बरोबर आहे, पण अर्धा आहे. त्याच ग्रंथात तो पुढे सांगतो की राजवट उताराला लागली की दरबारचा खर्च भागेनासा होतो, आणि मग राज्यकर्ते बाजारातल्या मालावर, वेशीवर नवनवे कर बसवू लागतात. त्याच्या मते बाजारावरचे कर हे सुधारणेचे नव्हे, म्हातारपणाचे लक्षण आहे. त्याचे नाव घेऊन आयकर काढायचा आणि विक्रीकर वाढवायचा, ही त्या बिचाऱ्याची फसवणूक आहे.

काळ्या पैशाचे काय?

विक्रीकराच्या बाजूचा सर्वांत जोरदार मुद्दा हा. आयकर चुकवणारा राजकारणी, बिल्डर, दोन नंबरवाला, कुणीही असो, गाडी घेताना, हॉटेलात जेवताना कर देईलच. यात तथ्य आहे. पण पुढचे पाऊल टाकून पाहा.

काळा पैसा बनतो कुठे? कच्च्या बिलावर. 'पक्के बिल हवे की कच्चे?' हा प्रश्न आज पाच-अठरा टक्क्यांसाठी विचारला जातो. फरक तीस टक्क्यांचा झाला तर तो प्रश्न विचारावाही लागणार नाही. जीएसटीत निदान प्रत्येक टप्प्यावर मागच्याने भरलेल्या कराची वजावट मिळते, म्हणून पुढचा मागच्याकडे बिल मागतो. अमेरिकी विधेयकातला सगळा कर मात्र शेवटच्या दुकानात, एकाच गल्ल्यावर गोळा व्हायचा आहे. तिथे चुकला की सगळाच चुकला. आणि आयकरच नसला तर 'हा पैसा आणला कुठून?' असे विचारणारा कायद्यातला मोठा प्रश्नकर्ताच घरी जातो.

शिवाय श्रीमंताचा पैसा बहुतांश 'खर्च' होतच नाही. जमिनीच्या खरेदीवर जीएसटी नाही, मुद्रांक शुल्क काय ते. शेअरवर नाही. सोन्यावर ३ टक्के आहे, आणि जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद तांदूळ-पिठावर ५ टक्के. सोन्याच्या बिस्किटाला तीन आणि पाकिटातल्या पिठाला पाच, हे आजचेच चित्र आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बरेच खाली आणले गेले, रोजच्या वापरातील अनेक वस्तू ५ टक्क्यांत किंवा शून्यावर आल्या, ते चांगलेच झाले. पण सगळा भार विक्रीकरावर टाकला तर हेच दर सर्वांत आधी वर जातील. सरकारकडे दुसरी खिडकीच उरणार नाही.

मिठाचा धडा

या देशाला हा धडा नवा नाही. १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी १८५७ नंतरची तूट भरायला भारतात पहिला आयकर लावला, पण इंग्रज सरकारचा भरवसा कितीतरी दशके मिठावर राहिला. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले तेव्हा त्यांनी हेच बोट ठेवले. तिजोरीत शिल्लक पडते आहे आणि गरिबाच्या मिठावर कर तसाच. पुढच्या वर्षी मिठाचा कर कमी झाला. १९३० मध्ये दांडीपासून आपल्या शिरोड्यापर्यंत लोकांनी लाठ्या खाल्ल्या त्या याच करासाठी. शेवटी हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी फेब्रुवारी १९४७ च्या अर्थसंकल्पात मिठाचा कर काढला आणि एक लाखावरच्या व्यापारी नफ्यावर २५ टक्के कर सुचवला. उद्योगपतींनी आरडाओरडा केला आणि तो दर पुढे खाली आला. लियाकत अलींच्या राजकारणाबद्दल काहीही मत असो, त्या अर्थसंकल्पाची दिशा मीठ सोडून नफ्याकडे जाणारी होती. आज मागितली जाते आहे ती नेमकी उलटी दिशा.

त्या दिशेने आपण आधीच बरेच चाललो आहोत. वारशावरचा मृत्युकर १९८५ मध्ये गेला. संपत्तीकर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आला. आता आयकरही गेला तर साठलेल्याकडे पाहणारा डोळा जवळपास मिटलाच.

करदाता कोण?

या चर्चेत मला सर्वांत जास्त टोचतो तो 'करदात्यांचा पैसा' हा शब्द. शिष्यवृत्ती, रेशन, सरकारी दवाखाना, काहीही निघाले की कुणीतरी म्हणतो, आमच्या करावर हे लोक जगतात. हे लोक म्हणजे कधी शेतकरी, कधी झोपडपट्टी, कधी दलित, आणि बऱ्याचदा आपण. जणू रिटर्न भरणारा तेवढाच करदाता. मालेगावच्या मजुराने साबण घेतला, मोबाइल रिचार्ज केला, दुचाकीत पेट्रोल टाकले, खत विकत घेतले, की त्याने कर भरला. फक्त त्याला पावतीवर नाव मिळत नाही. आयकर काढून सगळाच कर दुकानात गोळा केला तरी हा टोमणा थांबणार नाही. जास्त खर्च करणारा म्हणेल, मी जास्त कर देतो.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. आयकराची कटकट कमी करा, फॉर्म सोपे करा, लहान व्यापाऱ्याला नोटिसांनी घाबरवू नका. पण ऐपत पाहून घेतला जाणारा कर ठेवा. अन्न, औषध, शालेय साहित्य शून्यावर आणा. आणि अफाट संपत्ती व वारसा यांवर पुन्हा बोलायला सुरुवात करा. संपत्ती तुमच्यातल्या धनिकांमध्येच फिरत राहू नये, हा हेतू सूरह हश्रमध्ये (आयत ७) सांगितला आहे. तो समजायला मुसलमान असण्याची गरज नाही.

आपल्या लोकांनाही एक सांगणे आहे. जो दुकानदार रमजानमध्ये वही उघडून माल, उधारी, सोने, देणे यांचा पैसापैसा हिशेब लावतो, त्याला आयकराचा हिशेब अवघड म्हणता येणार नाही. पक्के बिल द्या, पक्के बिल घ्या, रिटर्न भरा. वर्षाला माझ्याकडे किती उरले आणि त्यात इतरांचा वाटा किती, हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय आपल्याला चौदाशे वर्षांपासून लावलेली आहे. राज्याने तो प्रश्न श्रीमंतांना विचारणे सोडून द्यावे आणि गरिबाची पिशवी वेशीवर तपासावी, या मागणीमागे आपण तरी उभे राहू नये.